तुषारच्या गॅरेजमधली बिनगोष्टीची मारामारी

चार जण रोज एका जागी बसले की किस्से आपोआप साठतात, गच्चीवरच्या भंगारासारखे. मुद्दाम कुणी आणत नाही, पण एक दिवस बघावं तर पाय ठेवायला जागा नसते! आमची जागा म्हणजे इंदिरानगरमधलं तुषारचं गॅरेज. दोन हजार चार-पाच साल असेल. वडिलांनी गाडी विकली, तेव्हा तुषारने तिथे दोन टीव्ही आणि दोन मशिनं लावून गेम पार्लर काढलं. मी शेजारची. कॉलेज सुटलं की तिथेच. गॅरेजचं आतलं दार त्याच्या आईच्या, म्हणजे काकूंच्या स्वयंपाकघरात उघडायचं, त्यामुळे माझ्या घरच्यांची हरकत नव्हती.

आमचा लाडका गेम एकच. निरनिराळ्या जपानी कार्टूनमधले हीरो एकत्र आणून त्यांची मारामारी लावून दिलेली. एकातला तलवारवाला, दुसऱ्यातला आचारी, तिसऱ्यातली पंखवाली शाळकरी मुलगी. मारामारी एक नंबर! गोष्ट मात्र... सांगते.

तलवारवाला चाललाय. समोरून आचारी येतो. दोघं एकमेकांकडे रोखून बघतात आणि धुलाई सुरू! मारून मारून दमले की हात मिळवतात. गैरसमज झाला होता म्हणे! मग दोघं मिळून पुढे जातात, तर पंखवाली भेटते. परत धुलाई, परत गैरसमज. असं बावीस वेळा! एकदा तुषार वैतागून टीव्हीवरच ओरडला, "अरे, आधी नाव तरी विचारा रे एकमेकांना!"

*

संवाद सगळे जपानीत. खाली अक्षरं यायची तीही जपानी. ती उणीव प्रकाशने भरून काढली. प्रकाश कळवणचा. इंजिनिअरिंगसाठी आमच्या मागच्या गल्लीत खोली घेऊन राहायचा. पहिल्याच दिवशी पडद्यावर तलवारवाला आणि आचारी तावातावाने बोलायला लागले, तसा हा शांतपणे म्हणाला, "बांधावरून भांडण हाय. त्याने याचा बांध कोरला."

झालं! रोज पुढचा भाग. आचाऱ्याची बहीण तलवारवाल्याच्या घरात दिलेली निघाली. विहिरीत दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा निघाला. सगळं पटायला लागलं!

"आणि तो शेवटचा, शिंगवाला व्हिलन?" मी विचारलं.

"तो तलाठी. सातबारा त्याच्याकडं हाय ना!"

*

काकू दारात लसूण सोलत बसायच्या. मालिका बघण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. एका दुपारी सहज म्हणाल्या, "तो शिंगवाला त्या तलवारवाल्याचा सख्खा भाऊ आहे."

आम्ही खो खो हसलो. दोन लेव्हल पुढे गेलो, तर फ्लॅशबॅक! एक आई, दोन लहान मुलं एकाच ताटात जेवतायत, आणि त्यातल्या एकाला इवलीशी शिंगं!

"काकू, कसं ओळखलंत?"

"भुवया बघ की दोघांच्या. आणि इतकं जीव तोडून चिडतात, म्हणजे घरातलेच असणार!"

*

तुषारचा पुण्यातला आतेभाऊ मंदार सहा महिने जपानीचा क्लास करून सुट्टीला आला. आम्ही त्याला मानाने पुढच्या खुर्चीत बसवलं. शिंगवाल्याचं मोठं भाषण लागलं. चांगली तीन मिनिटं तो गरजत होता. मंदार डोळे मिटून ऐकत होता.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, मी फक्त तुमची ताकद बघत होतो."

"तीन मिनिटं?"

"बाकीचं हसणं होतं."

बावीस मारामाऱ्या केल्या त्या यासाठी? शेवटी प्रकाश म्हणाला, "मंदार, राग नको मानू. तुझं जपानी कच्चं हाय." आणि आम्ही सगळे प्रकाशच्या बाजूने!

*

प्रकाशचे दोन विषय राहिले होते आणि त्याने घरी पत्ता लागू दिला नव्हता. पण शेवटी कुणाकडून तरी कळलंच. एक दिवस मार्केटला भाजी उतरवून त्याचे वडील, अण्णा, थेट गॅरेजच्या दारात! प्रकाशच्या हातात कंट्रोलर तसाच. आमची पाचावर धारण. अण्णा उभे राहून नुसता टीव्ही बघत राहिले.

मग म्हणाले, "ह्ये कशापायी भांडून राह्यले?"

आम्हाला रोज नवीन कारण पुरवणारा प्रकाश मान खाली घालून म्हणाला, "माहीत नाही, अण्णा."

"मंग सोडव ना त्यांला! बघत काय बसला?"

हसायची कुणाची छाती झाली नाही. काकूंनी चहा दिला. अण्णांनी एवढंच विचारलं, "नापास झाला त्याचं काय नाय. पण का नाय सांगितलं रे?" प्रकाश आमच्यासमोर रडला. त्या दिवसापासून ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत त्याने कंट्रोलरला हात लावला नाही. दोन्ही विषय सुटले. निकालाच्या दिवशी पेढ्यांचा बॉक्स आमच्या हातात कोंबून गडी सरळ मशिनसमोर जाऊन बसला!

*

आमची सीडी रस्त्यावरून घेतलेली. शिंगवाला कोसळला, की पडदा निळा व्हायचा आणि सगळं ठप्प. त्यामुळे शेवट कुणीच बघितला नव्हता. पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले, पार्लर ओस पडलं. तुषारला नोकरी लागली आणि त्याने ते बंद करायचं ठरवलं. शेवटच्या रविवारी सकाळी मंदार पुण्याहून ओरिजिनल सीडी घेऊन आला.

सगळे जमलो. काकूंनी पोहे केले आणि पहिल्यांदाच खुर्ची ओढून टीव्हीसमोर बसल्या. प्रकाश खेळला. तास लागला. शिंगवाला कोसळला. पडदा पांढरा झाला. आम्ही श्वास रोखून बसलो.

तलवारवाल्याने आकाशाकडे बघितलं आणि एकच शब्द बोलला.

"काय म्हणाला?"

मंदार म्हणाला, "चला."

पडदा काळा झाला आणि खालून वर नावं सरकायला लागली. नावंच नावं. पाच मिनिटं झाली तरी संपेनात. उठायचा धीर कुणाला होईना. तुषारचे डोळे भरून आले होते.

काकूंनी चष्मा सारखा केला. "ही कुणाची नावं रे?"

"गेम बनवणाऱ्यांची, आई."

काकूंनी शेवटच्या नावापर्यंत सगळं बघितलं. मग रिकाम्या बश्या गोळा करत म्हणाल्या, "एवढे जण होते, आणि एकालाही गोष्ट सुचली नाही?"