सांजेचं दळण

माहूरच्या डोंगरापलीकडे धाकट्या बहिणीचं सासर आहे. त्या वाडीला सौर पॅनेल, एक पवनचक्की आणि बॅटऱ्या यांवर चालणारी स्वतःची वीज आहे. जुन्या बॅटऱ्या संपल्या तेव्हा नव्या कोणत्या घ्यायच्या हे ठरवायला पारावर बैठक बसली. मी वर्तमानपत्रात काम करतो म्हणून माहिती काढून आणायला मला नांदेडहून बोलावलं होतं.

माहिती मी नीट काढली होती. शिशाच्या बॅटऱ्या स्वस्त, दुरुस्ती नांदेडात होते; मात्र चार्ज अर्ध्याच्या खाली उतरवत गेलं तर लवकर मरतात. लिथियमच्या महाग, बिघडल्या तर माणूस पुण्याहून येणार; पण जवळजवळ तळापर्यंत वापरता येतात आणि जास्त वर्षं टिकतात. दोन्ही बाजू मी सारखाच वेळ घेऊन मांडल्या. माझा कल दिसू दिला नाही.

एक गोष्ट सांगितली नाही. बहिणीची पिठाची गिरणी याच विजेवर चालते. बैठकीआधी चहा देताना ती म्हणाली होती, "दादा, बाया रानातून सांजेला येतात, तवाच दळण येतं. उन्हात कोन आणतंय? एवढं सांग तिथं."

सांजेला गिरणी लावायची तर सगळा भार बॅटरीवर येतो. निवड ठरवणारी बाब हीच होती. पण गिरणी सख्ख्या बहिणीची, आणि जिथं आपला माणूस गुंतलाय तिथं आपण बोलायचं नाही, हे मी बातमीदारीत शिकलो होतो. ती बायकांमध्ये मागे बसली होती. सासरच्या थोरांसमोर ती बोलणार नव्हती. तिच्या बाजूनं बोलायला माहेरचा माणूस आला आहे, असं ती धरून चालली होती.

"पाव्हन्यानं दोन्ही भाज्या चांगल्या म्हनल्या," एक म्हातारे म्हणाले. "मंग सस्तीच वाढा." लोक हसले. शिशाच्या ठरल्या.

बॅटऱ्या जपायच्या म्हणून वाडीच्या वीज समितीनं नियम केला, दिवस मावळला की गिरणी बंद. नियम बरोबरच होता. बाया दळण शेजारच्या गावी नेऊ लागल्या. दिवाळीनंतर मी गेलो तेव्हा बहीण दुसऱ्याच्या रानात कापूस वेचून नुकतीच परतली होती. गिरणीचा पट्टा उतरवून खुंटीला टांगला होता. मला दोन्ही बाजू सांगणं भाग होतं, असं मी म्हणालो. ती भाकरी थापत राहिली.

"सांगितल्या की," ती म्हणाली. "त्यातली माझी कोनती होती?"

पुढच्या बैठकीत मी गिरणीचं बोललो. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. या बॅटऱ्या संपल्या की विचार करू, असं ठरलं.

आता फोन केला की मी आधी बॅटऱ्यांची चौकशी करतो. चांगल्या चालल्यात, असं ती सांगते. ते ऐकून मला बरं वाटत नाही, आणि वाटत नाही याची तिच्याशी बोलताना लाज वाटते.