ढालगावच्या रानातला डबा

साताऱ्याचं स्टेशन साताऱ्यात नाही, माहुलीला आहे. त्यामुळे आम्हा सातारकरांना आगगाडी गाठण्यासाठी आधी एक वेगळा प्रवास करावा लागतो. तो करून मी आणि माझे शेजारी, निवृत्त सुभेदार तानाजीराव, सकाळच्या गाडीत बसलो. मला जुन्या रेल्वेडब्यांचं वेड. तानाजीरावांना तसलं काही नाही. मी एकटा गेलो की काहीतरी घोटाळा करतो, म्हणून माझ्या बायकोने त्यांना सोबत पाठवलं होतं.

कोरेगाव, रहिमतपूर मागे पडलं. बाहेर ऊस, मग आणखी ऊस. मी इतिहास सांगू लागलो. "मिरजेच्या पूर्वेला पूर्वी छोटी गाडी होती. दोन रुळांत जेमतेम अडीच फूट. डबे इतके अरुंद, की समोरासमोर बसलेल्यांचे गुडघेच आधी ओळख करून घेत. पुढे रूळ रुंद झाले आणि डबे भंगारात गेले. त्यातला एक ढालगावला कुणाच्या तरी रानात उभा आहे म्हणे!" मसूर येईपर्यंत तानाजीराव घोरत होते.

मिरजेला गाडी बदलून ढालगावला उतरलो. ऊस कधीच संपला होता. माळ, बाभळी आणि मेंढरं. एका मेंढपाळाला डब्याचं विचारलं.

"बिरूअण्णाच्या रानात हाय. जावा बिगीबिगी, वाट बघत्यात तुमची!"

आपली कीर्ती इथवर पोचली, या आनंदात मी तरातरा निघालो.

लिंबाच्या झाडाखाली, दगडी जोत्यावर, बिनचाकाचा तो डबा उभा होता. लाकडी बाकं, पट्ट्यांच्या झडपा, सगळं जागच्या जागी. मला भरून आलं. फेटा बांधलेले बिरूअण्णा हात जोडून पुढे आले. "या पाव्हणं, डब्यातच बसा. लय गार वाटतंय."

पाठोपाठ पोहे आले. दोन बशा संपवून मी चौकशीला लागलो.

"बांधणी मजबूत आहे हो."

"व्हय, घरचं दूधतूप हाय," अण्णा म्हणाले. मला वाटलं, लाकडाला तूप चोळत असतील.

"वर्षं किती झाली?"

"चोविसावं चालू हाय."

"काय सांगता! मला तर ऐंशीच्या वर वाटलं."

अण्णांचा चेहरा पडला. मी आपला पुढे, "रंग मूळचाच, की वरून चढवलाय?"

"मूळचाच हाय, काका," दारातून आवाज आला. चहाचा ट्रे घेऊन, डोक्यावर पदर घेतलेली मुलगी उभी होती. "पर ऐंशी कुठं दिसत्यात, तेवढं दावा."

तानाजीरावांनी माझं मनगट आवळलं. "अहो, आपण मुलगी बघायला बसलोय!"

तेवढ्यात जीप थांबली आणि खरे पाहुणे उतरले. पाच जण आत शिरले आणि दार बुजलं. आम्ही कोपऱ्यात अडकलो ते अडकलोच.

"हे कोण?" मुलाच्या मामांनी विचारलं.

"तुमच्यातलं न्हाईत व्हय?" अण्णा गडबडले. "पोहं तर ह्यांनीच खाल्लं!"

सगळ्यांनी आमच्या बशांकडे पाहिलं. मामांचा पारा चढला. "ह्यो काय मान झाला? उठा रं!" माझ्या वेडापायी एका मुलीचं लग्न मोडत होतं, आणि मला लपायला बाकाखालीही जागा नव्हती.

मुलगा सैन्यात ड्रायव्हर. आल्यापासून मान खाली घालून बसलेला. मुलगीच शेवटी त्याला म्हणाली, "जायचं तर जावा. पर आधी इचारा की कायतरी. वय, रंग?"

मुलाने मान वर केली, मुलीकडे पाहिलं आणि माझ्याकडे बोट केलं. "ह्यांचं इचारून झालं की सगळं. मला चहा चालंल."

मुलगी फिस्सकन हसली. मग अण्णा हसले, शेवटी मामाही. दुपार कलायच्या आत होकार झाला आणि पहिली साखर आमच्या तोंडात पडली.

परतीच्या गाडीत लक्षात आलं, डब्याचा एकही फोटो काढलेला नाही. घरी बायकोने विचारलं, "कसा होता डबा?" मी मुलगी, मुलगा, मामा, पोहे, सगळं सांगितलं.

"अहो, पण डबा?"

काय सांगणार? आजवर मी पाहिले ते सगळे डबे रिकामे होते. हा पहिलाच भरलेला निघाला, आणि भरलेल्या डब्यात डबा कोण बघतो!