येईल म्हणून दाबलं

खुर्चीत बसण्याआधी मामा तिच्यावरून तळहात फिरवायचे. मग माझ्याकडे तोंड करून म्हणायचे, "साहेब, तुमचं नाक घावलं. आता कान हुडकतो." घराण्यातून आलेल्या रोगानं त्यांची नजर कडेकडेनं मिटत आली होती. नळीतून पाहावं तेवढा मधला गोल उरला होता.

जालन्याच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी नजर मोजायच्या मशीनवर असतो. या रोगावरच्या नव्या गोळीची चाचणी आमच्याकडे सुरू झाली, तेव्हा वाटूरकडचे हे मेंढपाळ मामा आपणहून आले. दिवस मावळला की त्यांना मेंढरं दिसेनाशी व्हायची. शेवटी कळप विकावा लागला होता.

मशीनच्या पडद्यावर ठिपक्याएवढा उजेड चमकतो. दिसला की हातातलं बटण दाबायचं. मामा पडदा कोरा असतानाही दाबायचे.

"मामा, उजेड आलाच नव्हता."

"येईल म्हणून दाबलं."

मी हसलो, तेही हसले. तपासणी पुन्हा केली.

डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून बरे होणारे पेशंट तुम्हीही पाहिले असतील. "थोडं उजळून राह्यलंय," मामा आमच्या डॉक्टर मॅडमना सांगायचे. बाहेर आल्यावर मला म्हणायचे, "बाई लई मेहनत करून राह्यल्या. त्यांचं तोंड उतरलेलं पाहवत न्हाई." दर तपासणीत तो गोल मात्र आवळतच चालला होता.

एकदा जांबला दिलेल्या लेकीला घेऊन आले. "हिचं बी बघा. सांजच्याला उंबऱ्याला अडखळती." तिच्याही डोळ्यांत तेच निघालं. मामा म्हणाले, "माझं जाऊ द्या. गोळी हिच्यासाठी तरी लागू पडू द्या."

गोळी कुणालाच लागू पडली नाही. चाचणी बंद झाली. मॅडमनी मामांना बोलावून स्वतः सांगितलं.

"एकाला बी न्हाई?"

"नाही, मामा."

"मंग दुसरी गोळी?"

"सध्या तरी काहीच नाही."

मामांनी मान हलवली. त्यांच्या इवल्या गोलात मॅडमचा चेहरा आला असावा. म्हणाले, "तुम्ही जेवल्या का, बाई?"

बाहेर बाकावर लेक थांबली होती. तिनं बापाला विचारलं, "काय म्हणल्या, दादा?"

"दम धरा म्हणल्या."

मी चहाला थांबा म्हटलं. "न्हाई साहेब, जल्दी निघतो." त्यानंतर मामा कधी आले नाहीत.

त्या दुपारी ऊन अजून कडक होतं. बापलेक एकमेकांचा हात धरून स्टँडकडे निघाले. दिवस बुडायच्या आत घर गाठायचं होतं, आता दोघांनाही.