फोटो काढला कोणी?

अंबरनाथ पश्चिमेला आमच्या समोर राहणारे काका गॅस सिलिंडरचं सील दोनदा बघतात आणि डिलिव्हरीवाल्याला सांगतात, "संशय नाही हं, चौकशी." जन्मभर कारखान्यात माल तपासला, माणूस रिटायर झाला, नजर नाही.

त्यांची मुलगी एक्स्चेंजवर पोर्तुगालला शिकतेय. सुट्टीच्या दोन दिवसांत ती समुद्रकाठच्या एका गावी जाऊन आली. काकांनी तिचा फोटो माझ्यापुढे धरला.

"काय निळं पाणी आहे!" मी म्हटलं.

"पाणी राहू दे. एकटीच गेले म्हणाली. मग फोटो काढला कोणी?" त्यांनी फोटो मोठा केला. तिच्या पायांशी वाळूवर रुंद खांद्यांची एक सावली पडली होती.

"असेल कोणी वाटेवरचा."

"वाटेवरच्याकडे बघून कोणी असं हसतं का?"

आता हे फोन लावून पोरीला फैलावर घेणार, म्हणून मी उठायला लागलो. काकांनी चष्मा पुसला, तिच्या पावलांसकट ती सावली फोटोतून कापली आणि फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला.

लगेच त्यांच्या बहिणीचा मेसेज आला, "एकटी गेली ना? मग फोटो काढला कोणी?"

काकांनी एका बोटाने सावकाश टाइप केलं, "असेल कोणी वाटेवरचा."