पोटावरचा बांध

जुबेदा सिस्टर गेल्या, हे ल्योकाला औरंगाबादेत छावणीच्या बाजारात कळलं. घरी येऊन म्हणला, "माय, चल." शेंगा फोडीत होते, तशीच उठले. महिना झाला त्याला. मला लिहिता येत नाय, म्हणून नातीला सांगते…

निजाम हरला त्या पोलीस ॲक्शनला मी परकरात होते. पुढं लासूर स्टेशनाजवळ दिलं, पहिलं पोरगं झालं. सासूबाईनं बेंबीला गवरीची राख लावली. सगळ्याच लावायच्या. आठव्या दिवशी बेंबीभवती लाल, टणक झालं, पोरगं दूध धरंना. रेल्वेनं औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणले, आत मास सडाया लागलंय. इंजेक्शन देतो, पण पसरलं तर कापावं लागंल. जगंल का, सांगता येत नाय.

सिस्टर तवा नवीन, माझ्याच वयाची. तिनं पेनानं लालीच्या कडंकडंनं पोराच्या पोटावर रेघ ओढली. "लाली हिच्या बाहेर गेली की हाक मारा." मी अंगावरचं दूध पिळाया गेले, तेवढ्यात सासूबाईनं ओल्या पदरानं रेघ पुसून टाकली! म्हणं, लेकराच्या अंगावर कसलं गिरमटलंय…

सिस्टरनं कपाळावर हात मारला. "अम्माजी, ये क्या किया! आता रोग थांबला का चालला, कसं कळायचं?"

"मला शिकवती व्हय? सात बाळंतपणं झाली माझी."

"बरं, शेजाऱ्यानं बांध कोरला तर कळतं का तुम्हाला?"

"इतभर कोरला तरी कळतं!"

"मग हा बांध समजा. राखा."

नवी रेघ ओढली. मग काय, म्हातारी खाटंला चिकटली. डॉक्टरलासुदिक इचारायची, "हात धुतले का?" दुसऱ्या दिवशी दुपारी तीच वरडली, "जुबेदा, बांध कोरला गं! बोटभर!" सिस्टर पळत आली. डॉक्टरनं लगीच आत नेलं, सडकं मास काढलं. तळहाताएवढी जखम. सिस्टर रोज पट्टी बदलायची, पोरगं रडलं की हसायची, "रो बेटा, रोने में जान है." मी काय रडले नाय. रडून दूध आटलं असतं तर?

तर त्या दिशी छावणीत सिस्टरच्या घरी गेलो. अंगणात माणसं बसलेली. सिस्टरच्या लेकीनं इचारलं, "आप कौन?" माझ्या साठीच्या पोरानं सरळ सदरा वर केला. सुटलेलं पोट, बेंबीच्या जागी नुसता खळगा, भवती चकाकता वण.

"या अल्ला, बांधवाले!" लेक रडता रडता हसायली. "वो दादी डॉक्टरला हात धुवाया लावायची ना?" मयताचं घर, पण सगळं अंगण हसलं. मग ती वणाकडं बघत हळू म्हणली, "अम्मी मला म्हणायची, तू दुसरी. वो मेरा पहला बच्चा."

ल्योक सदरा खाली करायचं इसरूनच गेला.