मामा स्पीकर पसंत करतात

सोलापुरात खरे कान एकाच माणसाला होते, आणि तो माणूस म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. बाकी आम्हां सगळ्यांना देवाने कान दिले ते चष्म्याच्या काड्या अडकवायला आणि शाळेत मास्तरांकडून पिरगाळून घ्यायला. मी एका हायस्कुलात गणित शिकवायचो, तेव्हा या दुसऱ्या उपयोगाबद्दल मी अधिकाराने बोलू शकतो. आमच्याकडे आत्याच्या यजमानांना मामा म्हणतात, म्हणून इथेही मामाच म्हणतो. मामा चादरींचे कारखानदार. म्हणजे राहतं घर पुढे, आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रमाग. त्या मागांचा खडखडाट सकाळी सुरू व्हायचा तो दिवेलागणीपर्यंत. आमच्या गल्लीतले लोक कानगोष्टसुद्धा ओरडून सांगायचे. अशा घरात जन्म काढलेल्या माणसाचे कान एव्हाना बधिर व्हायला हवे होते, पण मामांचे कान त्या आवाजात धार लावल्यासारखे होत गेले. पुढच्या खोलीत भाकरी मोडता मोडता ते मध्येच थांबून म्हणत, "कोपऱ्यातला माग कण्हतोय बघा," आणि कोणीतरी तेलाचं बुधलं घेऊन धावे.

कुठल्याही नव्या खोलीत पाऊल टाकलं की मामा एक टाळी वाजवत. एकच, खणखणीत. मग मान किंचित तिरकी करून ती टाळी भिंतींवरून कशी परत येते ते ऐकत, आणि खोलीबद्दलचं मत मनात पक्कं करून मगच बसत. बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे हाच रिवाज. एकदा समाचाराला गेलो असताना त्यांनी दारातच टाळी वाजवली, तेव्हा रडणाऱ्या बायका रडायच्या थांबल्या होत्या. माझ्या चुलतभावासाठी मंगळवेढ्याला मुलगी बघायला गेलो तेव्हा तर कमालच झाली. मुलगी अजून आतच होती. मामांनी सोप्यात शिरून टाळी वाजवली, खोली त्यांना आवडली, त्यांचा चेहरा उजळला, आणि मुलीच्या वडिलांना वाटलं की वडीलधाऱ्यांनी पसंती दिली. त्यांनी आत साखर आणायला सांगितलं. पुढे ते लग्न झालं आणि चांगलं झालं. चुलतभाऊ मात्र अजून म्हणतो की आधी सासऱ्यांचा सोपा पसंत झाला आणि मग बायको.

तेव्हा सोलापुरात टेलिव्हिजन यायचा होता. घरात रेडिओ असला तरी लोक स्वतःला भाग्यवान समजायचे, आणि मामा मात्र चांगल्या स्पीकरच्या शोधात होते. त्यांच्याकडे रेकॉर्ड-प्लेअर होता, ॲम्प्लिफायर होता, आखातातल्या एका ओळखीच्याने आणलेला स्पूलचा टेपरेकॉर्डर होता. फक्त मनाजोगा स्पीकर मिळत नव्हता. पुढच्या खोलीच्या चारही भिंतींवर त्यांनी आपल्याच कारखान्यातल्या जाड चादरी टांगल्या होत्या. पाहुणा आत आला की त्याला आपण चादरीच्या गठ्ठ्यात शिरलो असं वाटायचं. खुर्च्या ठरलेल्या जागीच. आत्याने झाडताना खुर्ची वीतभर सरकवली तरी मामांना तंबोऱ्याच्या दोन तारा कमी ऐकू येत. आणि ऐकायचं ते फक्त मागांच्या सुट्टीच्या दिवशी. त्या दिवशी गल्ली अशी गप्प असे की म्हातारी माणसं घाबरून काय झालं म्हणून विचारत, आणि मामा अंघोळ करून, विभूती लावून, देवळात बसावं तसे खुर्चीत बसत.

त्यांची परीक्षेची भाषा चादरीची होती. नव्या पेठेतल्या एका दुकानदाराने मोठ्या हौसेने नवा स्पीकर ऐकवायला बोलावलं. मी बरोबर होतो. गाणं सुरू झालं, दुकानातली गिऱ्हाइकं माना डोलवायला लागली. मामांनी डोळे मिटून अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली, कापडाचा पोत बघतात तशी. शेवटी म्हणाले, "वरनं गुबगुबीत हाय. पण वीण विरळ हाय की. पैल्या धुण्यात आटंल ह्यो." दुकानदार हसला नाही. दुसऱ्या दिवशी तो स्पीकर काचेच्या कपाटातून गेला होता. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की आपण एका मोठ्या माणसाच्या मागे पिशवी धरून चालतो आहोत.

पण मामांचा खरा मोठेपणा पुढे आहे. एके दिवशी त्यांच्या मनात आलं की आपण सगळेच चुकतोय. रेकॉर्डवर गाणाऱ्या बुवांना आपण समोर बसून कधी ऐकलेलंच नाही, मग स्पीकर खरं बोलतो की खोटं, हे ठरवायचं कशावरून? फोटो नीट निघाला की नाही हे ओळखीच्या माणसाचाच फोटो बघून कळतं. तेव्हा स्पीकरच्या परीक्षेला रोजच्या ऐकण्यातला आवाज पाहिजे. आणि मामांच्या रोजच्या ऐकण्यातला आवाज एकच होता.

आमच्या आत्याचा आवाज ही ऐकण्याचीच गोष्ट होती. गाता गळा नव्हे. पण दुपारी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती कानडीत "ऊटक्क बर्री" म्हणाली, म्हणजे जेवायला चला म्हणाली, की तो आवाज सगळे माग ओलांडून शेडच्या पार टोकाला पोचायचा, आणि तिथले तेलुगू विणकरसुद्धा आपापले डबे सोडायला बसायचे. मामांनी ठरवलं की हाच आवाज टेपवर घ्यायचा. मायक्रोफोन समोर ठेवल्याबरोबर आत्याने इरकल नेसलं, केस नीट केले आणि शाळा तपासायला आलेल्या साहेबापुढे बोलावं तसं "कृपया भोजनास यावे" असं म्हटलं. ती टेप पुसावी लागली. मग मामांनी मागांच्या सुट्टीच्या दिवशी मायक्रोफोन ज्वारीच्या पोत्यामागे दडवला. त्यात सगळं आलं. उखळात शेंगाचटणी कुटल्याचा आवाज, प्रत्येक घावाबरोबर बांगड्यांची किणकिण, घागरीतून पाणी ओतलेलं, मधून नवऱ्याच्या नावाने पुटपुटलेलं काहीतरी कानडी, आणि शेवटी ती हाक. मामा ती टेप ऐकून म्हणाले, "आता बघू कुटला स्पीकर पास होतोय."

हे सगळं मी हसत सांगतोय, पण त्याच वर्षीच्या थंडीत आत्याच्या गळ्याला गाठ आली. मिरजेच्या डॉक्टरांनी ती काढलीच पाहिजे म्हणून सांगितलं, आणि हेही स्पष्ट सांगितलं की गाठ वाईट जागी आहे, जीवाला धोका नाही पण आवाज राहीलच याची खात्री देता येत नाही. आत्या म्हणाली, संक्रांतीची गड्ड्याची यात्रा होऊ द्या, मग काय कापायचं ते कापा. मामांनी बाहेर येऊन मला बाजूला घेतलं. मला वाटलं, धीर द्यावा लागणार. ते म्हणाले, "मास्तर, गड्ड्याच्या आत स्पीकर मिळायला पायजे." मला क्षणभर राग आला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "अस्सल आवाज घरात हाय तवरच नक्कल खरी का खोटी ते कळंल. नंतर कशाला ताडून बघू?" माझा राग कुठल्या कुठे गेला, आणि या माणसापुढे आपण काहीच नाही असं वाटून गेलं.

मग आमची धावपळ सुरू झाली. मी शाळेत रजा टाकायचो, एसटीच्या टपावर मी टेपरेकॉर्डर कधी चढवू दिला नाही, तो मांडीवर घेऊन आम्ही पुणं केलं, हैदराबाद केलं. मोठमोठ्या दुकानांत टाय बांधलेले विक्रेते सतारीची रेकॉर्ड काढायला जात आणि मामा त्यांना हाताने थांबवून म्हणत की हे लावा. मग त्या गालिचे घातलेल्या खोलीत शेंगाचटणी कुटल्याचा आवाज घुमायला लागे. विक्रेते एकमेकांकडे बघत. मामा मात्र डोळे मिटून, बोटं चोळत, एकेक घाव ऐकत. हैदराबादच्या एका दुकानात माणसाएवढे उंच, चकचकीत, परदेशी स्पीकर होते. मला ते इतके आवडले की मी मनातल्या मनात ते खोलीत कुठे ठेवायचे तेही ठरवलं. टेप संपल्यावर मामांनी अत्यंत सभ्यपणे सांगितलं, "लई झकास हाय. पण ही माझी बायको न्हाय. हिची भैन असंल." विक्रेत्याने विचारलं, फरक काय पडतो? मामा त्याच्याकडे असे बघत राहिले की तो बिचारा कान धरायचा तेवढा बाकी राहिला.

दरम्यान घरी आल्यावर मामा वेगळाच अभ्यास करत. आत्या स्वयंपाक करत असली की दाराआड उभे राहून ऐकत. ती म्हणायची, "येडं लागलंय ह्यांना. भिताडाला कान लावल्यागत काय हुबं ऱ्हाताय?" मामा तिथून हलत नसत. ताडून बघायचं मूळ माप ते पक्कं करत होते. ती भांडत असली तर आणखीच लक्ष देऊन ऐकत, आणि मग तीही बावचळून भांडण अर्धंच सोडून देई.

शेवटी पुण्याला बोटीवरच्या एका निवृत्त इंजिनिअरच्या घरी आम्ही गेलो. विलायतेहून त्याने स्वतः आणलेली स्पीकरची जोडी तो विकणार होता. लाकडी, साधी, खोक्यांसारखी दिसणारी. मामांनी खोलीत टाळी वाजवली, त्यानेही ऐकली आणि मान डोलावली, तेव्हाच मला वाटलं की इथे काहीतरी जमणार. टेप सुरू झाली. उखळाचा पहिला घाव पडला तो दगडाचा पडला. बांगड्या वाजल्या त्या काचेच्या वाजल्या. घागर ओतली तेव्हा इंजिनिअरच्या बायकोने पाणी उडेल म्हणून खाली बघून निऱ्या सावरल्या. मामांच्या बोटांची चाळवाचाळव केव्हा थांबली ते मला कळलंच नाही. आणि मग हाक आली, "ऊटक्क बर्री."

"आलो," मामा म्हणाले, आणि उठून हात धुवायला मोरी शोधत दारापर्यंत गेले.

आम्ही सगळे हसलो. मामा हसले नाहीत. ते दारात तसेच उभे राहिले, मग परत येऊन खुर्चीत बसले आणि बराच वेळ धोतराच्या सोग्याने तोंड पुसत राहिले. पुसून झाल्यावर इंजिनिअरला एवढंच म्हणाले की जोडी बांधा. मी आयुष्यात बरीच मोठी माणसं पाहिली, पण एखाद्या वस्तूची इतकी सच्ची परीक्षा घेतलेली पाहिली नाही. स्वतः फसल्यावरच वस्तू खरी मानणारा हा एकच परीक्षक.

स्पीकर चादरींत गुंडाळून सोलापूरला आले. मागांच्या सुट्टीच्या दिवशी मामांनी आत्याला चादरीच्या पडद्यामागे उभी केली. एकदा ती हाक मारणार, एकदा स्पीकर. विणकरांना पुढे बसवून ओळखायला सांगितलं. एकालाही जमलं नाही. आत्या पडद्यामागून बाहेर आली आणि स्वतःची हाक पहिल्यांदाच नीट ऐकून ओशाळली. मला म्हणाली, "एवढी कडक बोलत होते व्हय मी? आणि हे गप ऐकून घेत होते?" मामा खिडकीबाहेर बघत होते.

गड्डा झाला. मिरजेला ऑपरेशन झालं. आत्या सुखरूप परत आली, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं. आवाज गेला. उरली ती फक्त कुजबुज, वाऱ्याने कागद हलावा एवढी. मी रोज शाळेतून परतताना त्यांच्या घरी डोकावायचो आणि मनात धाकधूक असायची की आज मामा ती टेप लावणार, आणि मला ते सोसणार नाही. मामांनी ती टेप लावली नाही. पुण्याच्या स्पीकरवर ते रेकॉर्डी ऐकायचे, आलेल्या-गेलेल्याला ऐकवायचे, टेप कपाटात. एकदा मी धीर करून विचारलंच. म्हणाले, "लावली तर ती आतनं ऐकंल की, मास्तर. तिला वाटंल ह्यांना पयलीच पायजे."

त्याच सुमारास शेडमध्ये एक नवी पद्धत पडली. दुपारच्या जेवणाच्या आधी आत्या स्वयंपाकघराच्या दारात येई. ती दिसली की मामा हात वर करत आणि सगळे माग एकदम थांबत. पहिले काही दिवस विणकर गोंधळले, धागे तुटले, काम खोळंबलं, शेजारच्या कारखानदाराने तर मामांना समजावूनही पाहिलं. मामांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हात वर केला. पुढे विणकर आपणहूनच दाराकडे लक्ष ठेवायला लागले. माग थांबले की मामा आत्यापर्यंत चालत जात, वाकत, आणि ती त्यांच्या कानापाशी काहीतरी सांगे. जेवायला चला एवढंच असतं तर ते क्षणात संपलं असतं. पण ती बराच वेळ बोलायची, मध्येच हसायची, आणि मामा मान डोलवत "व्हय, व्हय" करत राहायचे. इतकी वर्षं त्या खडखडाटात त्यांचं बोलणं कधी झालंच नसावं.

आता दोघंही नाहीत. शेड आहे, माग दुसऱ्याचे आहेत, स्पीकरची जोडी माझ्याकडे आहे आणि मी ती क्वचित लावतो. शाळेला सुट्टी असली की अशा दुपारी मी कितीतरी वेळा तिथे हजर होतो, दहा पावलांवर. सगळी शेड गप्प असायची, पाकोळी फडफडली तरी ऐकू आली असती. तरीही आत्या मामांना काय सांगायची, त्यातला एक शब्दही मला कधी ऐकू आला नाही. मामांना सगळं ऐकू यायचं.