दहाचा पंखा

थळच्या घरातला कॉम्प्युटर मी आणि बाबांनी फरशीवर बसून जोडला होता. म्हणजे जोडला मी. बाबा वाटीत स्क्रू धरून माझ्या चुका काढत होते. बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेलेला, त्यामुळे आवाज न करणारं यंत्र त्यांना लबाड वाटे. तरी काम सोडल्यावर रोज सकाळी दहाला ते त्याच्यावर पत्ते खेळायला बसत.

ते गेले त्याला आठ महिने झाले होते. थंडीत मी आईला पनवेलला माझ्याकडे न्यायला गेलो, तर ती यायलाच तयार नाही. का, म्हणून विचारलं, तर तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "तुजा बापूस रोज दहाला येतो. पंखा लावतो न् जातो." पंखा म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्यातला.

मला भीतीच्या आधी राग आला. बाई एकटी राहून भ्रमिष्ट व्हायला लागली, असं मनात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कॉम्प्युटरसमोर बसलो. बटण दाबलं, काही नाही. वायर बदलली, रॅम काढून खोडरबराने घासली, परत बसवली. यंत्र ढिम्म. मग हात पुसत मी दारापर्यंत गेलो आणि मागे पंखा घरघरला.

मी वळलो. खोलीत कोणी नव्हतं. कॉम्प्युटरचा पडदा काळाच होता, पण डब्यावरचा निळा दिवा लागला होता. चार आकडे मोजावेत एवढा वेळ पंखा फिरला आणि थांबला. भिंतीवर दहा वाजून गेले होते. आई आली, माउसशेजारी चहाचा कप ठेवला आणि परत गेली. माझ्या हातावरचे केस उभे राहिले होते, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

तिसऱ्या दिवशीही तेच. या खेपेला मी बाबांच्या खुर्चीत बसायचं टाळलं.

चौथ्या दिवशी नजर खिडकीत गेली. तिथे आईची खोबरेलाची बाटली होती. सकाळी तेल पांढरं, घट्ट थिजलेलं; खिडकीत ऊन आलं तसं ते सुटत गेलं आणि दहाच्या सुमारास पाण्यासारखं झालं. त्याच उन्हात कॉम्प्युटरही होता. मी त्याचं पुढचं झाकण काढलं. बटणाच्या खाचेत खोबरेल होतं, ताजं, आणि कडेला बोटाचा तेलकट ठसा.

आईला विचारलं. खाऱ्या वाऱ्याने गंज धरू नये म्हणून बाबा कुलपाला, बिजागरीला, सगळ्याला खोबरेल लावत. बटणालाही लावत. ते गेल्यावर रोज दिवेलागणीला तीच लावत होती.

मला कोण आनंद झाला. बाटली हातात घेऊन मी तिला समजावलं, की थंडीत तेल थिजतं, बटण आत चिकटतं; ऊन लागलं की सुटतं, पण अर्धवट सुटलेल्या तेलाने पुन्हा आत ओढलं जातं; यंत्र जागं होतं, आणि बटण चार सेकंद तसंच दाबलेलं राहिलं की परत बंद पडतं. तिने सगळं ऐकून घेतलं. मी बटण स्पिरिटने पुसलं, दाबलं, आणि पडद्यावर पत्ते आले.

पाचव्या दिवशी ऊन आलं, बाटलीतलं तेल सुटलं. आई चहा घेऊन बाबांच्या खुर्चीत बसली. दहा वाजले. सव्वादहा. चहावर साय धरली. पंखा फिरला नाही, आणि मला उठून ते बटण दाबावंसं इतकं वाटलं की मी हात काखेत धरले.

साडेदहाला ती उठली. कप मोरीत ओतला आणि पिशवीत दोन लुगडी भरली.

"चल," ती म्हणाली. "आता हितं कोन नाय."

दाराला कुलूप घालून तिने त्यावर खोबरेलाचं बोट फिरवलं. मला हवं ते झालं होतं. मी तिथेच कट्ट्यावर बसून रडलो, आणि ती मला उठवायला आली नाही.